ओव्हरड्राइव्ह लागत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोन ‘टक्’ ऐका

जुन्या अमेरिकन गाडीचा ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्समागची जादा यंत्रणा, जिच्यामुळे त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेतं) बंद पडला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, “गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल.” घाई करू नका. या यंत्रणेतला लोखंडी भाग दणकट असतो. बिघडतात त्या बाहेरच्या गोष्टी: सत्तर वर्षांची वायर, गंजलेला कॉन्टॅक्ट, ताणलेली केबल. त्या तपासायला एक टेस्ट लॅम्प, दोन हात लांबीची जंपर वायर आणि एखादी शांत दुपार पुरते.

हा लेख बोर्ग-वॉर्नरच्या आर-१० आणि आर-११ या ओव्हरड्राइव्हबद्दल आहे. स्टुडबेकर, नॅश, प्लिमथ, फोर्ड, शेव्हरोले अशा तीन गिअरच्या अनेक अमेरिकन गाड्यांत १९४० ते १९६० च्या दशकांत हा मिळत असे. एमजी, ट्रायम्फ किंवा हीलीतला लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह तेलाच्या दाबावर चालतो. त्याचं शास्त्र वेगळं, तिथे हा लेख लावू नका.

गाडीत तो आहे का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण विचारायलाच हवा. हा जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता, आणि इतक्या वर्षांत गिअरबॉक्स बदललेलेही असतात. डॅशबोर्डखाली ओढायचं टी आकाराचं हँडल दिसतं का बघा. ते आत ढकललं की ओव्हरड्राइव्ह चालू, बाहेर ओढलं की लॉक, म्हणजे बंद. मग गाडीखाली जा. गिअरबॉक्सच्या शेपटीला जास्तीचं लांब आवरण, त्याच्या बाजूला दोन बोल्टवर बसलेला डब्यासारखा गोल सोलेनॉइड (विजेवर दांडा ढकलणारं चुंबक) आणि जवळच एका वायरचा गव्हर्नर (गाडीच्या वेगावर चालणारा स्विच), हे सगळं असेल तर ओव्हरड्राइव्ह आहे. नुसतं हँडल असेल तर काही खरं नाही.

खाली जाताना एक सावधगिरी. हँडल आत असताना गाडी फर्स्टमध्ये ठेवली तरी ती पुढे घरंगळू शकते, कारण आतल्या फ्रीव्हीलमुळे चाकं इंजिनला बांधलेली राहत नाहीत. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर शिरू नका. एरवी पार्क करतानाही हँडल बाहेर ओढा किंवा गाडी रिव्हर्समध्ये ठेवा.

आत काय घडतं

गिअरबॉक्समधून आलेली ताकद ओव्हरड्राइव्हमध्ये दोन वाटांनी पुढे जाऊ शकते. पहिली वाट सरळ: रोलरच्या फ्रीव्हीलमधून थेट मागे. हे सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच आहे. इंजिन ओढत असेल तर घट्ट, पाय काढला की मोकळं. दुसरी वाट ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांची. मधलं चाक, म्हणजे सन गिअर, जागच्या जागी अडकवलं की बाहेरचा शाफ्ट आतल्यापेक्षा जास्त फिरतो. गुणोत्तर साधारण ०.७०. इंजिन जिथे ३,००० फेरे घेत होतं तिथे त्याच वेगाला २,१०० पुरतात. मागच्या एक्सलचं गुणोत्तर ४.१० असेल तर तो २.८७ चा असल्यासारखा वागतो.

सन गिअर अडकवतो तो पॉल, म्हणजे दाराच्या अडसरासारखा एक पोलादी तुकडा. सोलेनॉइड त्याला आत ढकलतो. पण चाक जोरात फिरत असताना अडसर घुसला तर दात तुटतील, म्हणून मध्ये बॉल्क रिंग नावाची कडी राखण करते. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय उचलता, इंजिनची गती उतरते, सन गिअर क्षणभर थांबून उलटा फिरू लागतो, तेव्हा कडी सरकते आणि पॉल खाचेत पडतो.

म्हणजे पाय उचलल्याशिवाय ओव्हरड्राइव्ह लागणारच नाही. नव्या मालकांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

आता विजेची साखळी. इग्निशनमधून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला करंट मिळतो. कॉइलचं दुसरं टोक किकडाउन स्विचमधून (ॲक्सिलरेटर तळाला दाबल्यावर चालणाऱ्या) गव्हर्नरकडे जातं. गाडी ताशी साधारण २८ ते ३२ मैलांवर, म्हणजे ४५ ते ५० किलोमीटरवर गेली की गव्हर्नरचे कॉन्टॅक्ट मिटतात आणि त्या वायरला अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या लोखंडाशी जोड) मिळतो. रिले ओढला जातो, बॅटरीचा जाड करंट सोलेनॉइडला पोचतो. वेग चारपाच मैलांनी खाली आला की गव्हर्नर सोडून देतो. काही गाड्यांत याच साखळीत हँडलबरोबर चालणारा आणखी एक स्विच असतो, तेव्हा आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम शेजारी ठेवा.

पहिली पायरी: रस्त्यावर

मोकळा सरळ रस्ता निवडा. गाडी उभी असताना हँडल पूर्ण आत ढकला. मग चार गोष्टी याच क्रमाने तपासा.

ताशी वीस मैलांवर थर्डमध्ये पाय उचला. इंजिन आयडलला येऊन गाडी मोकळी वाहत राहिली पाहिजे. तसं झालं तर हँडल, केबल आणि आतली रेल (लॉक लावणारा-सोडणारा सरकता दांडा) जागेवर आहेत. इंजिनने गाडी मागे ओढली तर ओव्हरड्राइव्ह अजून लॉक आहे. विजेच्या मागे लागू नका, सरळ खाली केबलच्या परिच्छेदाकडे जा.

पस्तीस ते चाळीस मैलांवर पाय पूर्ण उचला आणि दोन सेकंद थांबा. खालून हलका ‘ठक्’ येतो, परत पाय दिला की इंजिनचा आवाज एकदम खाली उतरलेला असतो.

आता ॲक्सिलरेटर तळाला दाबा. इंजिन एखादा ठोका चुकवल्यासारखं करतं आणि गाडी साध्या थर्डमध्ये येते. हा किकडाउन.

शेवटी वेग वीस मैलांच्या खाली आणा. गाडी पुन्हा मोकळी वाहिली पाहिजे.

चारपैकी कुठे अडलं ते लिहून ठेवा. “कधी लागतो, कधी नाही” असं असेल तर थंड असताना की गरम झाल्यावर, खड्ड्यानंतर की पावसात, हेही लिहा. खड्ड्यानंतर बंद पडणारा ओव्हरड्राइव्ह म्हणजे जवळजवळ नेहमी सैल अर्थ किंवा घासलेली वायर.

दुसरी पायरी: दोन टक्

गाडी उभी, इंजिन बंद, हँडल आत, इग्निशन चालू. इग्निशन असं फार वेळ चालू ठेवू नका, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असतील तर इग्निशन कॉइल तापते. दोनचार मिनिटांत काम उरका, मग बंद करा.

रिले बहुधा बॉनेटखाली फायरवॉलवर असतो. त्यावर चार टर्मिनल: एक बॅटरीचं, एक इग्निशनचं, एक सोलेनॉइडचं आणि चौथं गव्हर्नरकडे जाणारं, ज्यावर बऱ्याच रिलेवर ‘टीएच-एसडब्ल्यू’ अशी खूण असते. जंपर वायरचं एक टोक स्वच्छ लोखंडाला लावा, दुसऱ्याने हे चौथं टर्मिनल क्षणभर टेकवा.

दोन आवाज आले पाहिजेत. आधी रिलेचा बारीक ‘टक्’, पाठोपाठ गाडीखालून सोलेनॉइडचा जाड ‘ठक्’. जंपर काढला की दोघेही सुटल्याचे आवाज. मदतीला कोणी असेल तर त्याला सोलेनॉइडवर हात ठेवायला सांगा, हाताला धक्का स्पष्ट लागतो.

दोन्ही आले: रिले, फ्यूज, सोलेनॉइड आणि मधली जाड वायर ठीक आहे. दोष किकडाउन स्विच, गव्हर्नर किंवा त्यांच्यामधल्या वायरमध्ये. आता गाडीखाली गव्हर्नरची वायर काढून तिचं टोक अर्थ करा. दोन्ही आवाज आले तर गव्हर्नर दोषी. नाही आले तर स्विच किंवा वायर.

रिले वाजला, सोलेनॉइड नाही: जंपर धरून ठेवा आणि टेस्ट लॅम्प रिलेच्या सोलेनॉइड टर्मिनलला लावा. लॅम्प लागला नाही तर रिलेवरचाच फ्यूज बघा, ६ व्होल्टच्या गाडीत तो बहुधा ३० अँपिअरचा असतो. फ्यूज चांगला असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेत. लॅम्प लागला तर सोलेनॉइडच्या चार नंबर टर्मिनलवर (रिलेकडून करंट येतो त्यावर) तीच तपासणी करा. तिथेही उजेड असेल तर सोलेनॉइड किंवा त्याचा अर्थ.

काहीच वाजलं नाही: रिलेच्या इग्निशन टर्मिनलला करंट येतो का? येत असेल तर रिलेची कॉइल गेली. येत नसेल तर मागे इग्निशन स्विचपर्यंत शोधत जा.

टेस्ट लॅम्प लागतो याचा अर्थ पुरेसा करंट पोचतो असा नाही. लॅम्पला अर्धा अँपिअरही पुरतो, सोलेनॉइडला ओढताना कितीतरी जास्त लागतो. मल्टिमीटर असेल तर सोलेनॉइड ओढत असतानाच बॅटरीवरचं आणि चार नंबरवरचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे वाटेत कुठेतरी गंज किंवा बारीक वायर. ६ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्टसुद्धा जड जातो. कोणीतरी घरगुती बारीक वायर टाकून ठेवलेली असते, ती काढून जाड वायर टाका. इंजिन आणि चॅसीमधली अर्थ पट्टीही बघा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, पट्टी तुटली की गिअरबॉक्सला अर्थ मिळतो तो केबल आणि लिंकांमधून, कधी मिळतो, कधी नाही.

गव्हर्नर

यात फिरणारी वजनं आणि कॉन्टॅक्टची एक जोडी असते, बाकी काही नाही. तपासण्याची सोपी रीत: गव्हर्नरची नेहमीची वायर सोडून त्या टर्मिनलला एक लांब वायर जोडा आणि ती केबिनमध्ये घ्या. टेस्ट लॅम्पचं एक टोक या वायरला, दुसरं बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाला. वायर एक्झॉस्टला किंवा शाफ्टला लागणार नाही अशी बांधा. गाडी चालवा, लॅम्पवर नजर दुसऱ्याने ठेवावी. तीस मैलांच्या आसपास लॅम्प लागला आणि वेग उतरल्यावर विझला तर गव्हर्नर उत्तम. मिणमिणला, फडफडला तर कॉन्टॅक्ट मळलेत. कायमच लागलेला राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलेत.

कॉन्टॅक्ट साफ करायला पॉलिश पेपर घासू नका. कोऱ्या जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून हलकेच ओढायची, पट्टीवर काळं येणं थांबेपर्यंत. आत तेल आलं असेल तर सील गेलंय, नुसती सफाई टिकणार नाही. गव्हर्नर काढताना षटकोनी भागावरच पाना लावा. पत्र्याच्या टोपीला पाइप पाना लावला की नवा गव्हर्नर शोधायची वेळ येते.

किकडाउन स्विच

ॲक्सिलरेटरच्या तळाशी किंवा कार्बोरेटरच्या लिंकवर हा असतो. त्याच्यात दोन जोड्या. पहिली नेहमी जोडलेली, रिले आणि गव्हर्नर यांच्यामध्ये. दुसरी नेहमी तुटलेली, इग्निशन कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक आणि सोलेनॉइडचं सहा नंबर टर्मिनल यांच्यामध्ये. पेडल तळाला गेलं की पहिली तुटते, दुसरी जुळते.

दुसरी कशाला? करंट तुटला तरी पॉल लगेच निघत नाही, इंजिनच्या ओढीने तो खाचेत घट्ट दाबलेला असतो. म्हणून सहा नंबरमधून इग्निशन क्षणभर अर्थ होतं, ठिणगी बंद पडते, ओढ सैल होते, पॉल बाहेर उडी मारतो. तो बाहेर आला की सोलेनॉइडच्या आतला कॉन्टॅक्ट सुटतो आणि ठिणगी परत येते. सगळं इतक्या झटपट की फक्त एक ठोका चुकल्यासारखा वाटतो.

पेडल दाबून ओव्हरड्राइव्ह सुटत नाही आणि ठोकाही चुकत नाही, तर सहा नंबरची साखळी कुठेतरी तुटली आहे. पेडल दाबल्यावर इंजिन बंद पडतं आणि पाय उचलेपर्यंत परत येत नाही, तर पॉल अडकतोय किंवा सोलेनॉइडमधला कॉन्टॅक्ट चिकटलाय. याची चाचणी उभ्या गाडीत करता येते: न्यूट्रल, हँडल बाहेर, इंजिन आयडलवर, आणि किकडाउन स्विच हाताने दाबा. इंजिन चालू राहिलं पाहिजे. बंद पडलं तर सहा नंबरला नको तेव्हा अर्थ मिळतोय.

आणखी एक फजिती वारंवार दिसते: चार आणि सहा नंबरच्या वायरांची अदलाबदल. लक्षण पक्कं आहे. ओव्हरड्राइव्ह कधीच लागत नाही, आणि कुठल्याही वेगाला पेडल तळाला गेलं की इंजिन मरतं. इग्निशन कॉइलवर किकडाउन स्विचची वायर चुकून इग्निशन स्विचकडच्या टोकाला लावू नका, तिथे सरळ शॉर्ट होऊन वायरिंग जळेल.

सोलेनॉइड

आत दोन वेटोळी असतात. एक जाड, ओढण्यासाठी, तिला पंधरावीस अँपिअर क्षणभर लागतात. दुसरी बारीक, धरून ठेवण्यासाठी. दांडा पूर्ण बाहेर आला की जाड वेटोळी आपोआप तुटते. दांडा गंजून अर्ध्यावर अडकला तर ती चालूच राहते, मग फ्यूज उडतो किंवा वेटोळी जळते. म्हणून वारंवार फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे.

काढण्यासाठी आधी बॅटरी सोडा. दोन बोल्ट काढा, मग सोलेनॉइड पाव फेरा फिरवा आणि बाहेर ओढा. दांड्याचं टोक पॉलच्या खाचेत अडकवलेलं असतं, न फिरवता ओढाताण केली तर काहीतरी तुटतं. बसवताना उलट क्रम. बसवल्यावर बोल्टविना हलकेच ओढून बघा: सरळ बाहेर आला तर टोक पॉलमध्ये अडकलेलंच नव्हतं.

टेबलावर चाचणी: बॅटरीचं एक टोक आवरणाला, दुसरं चार नंबरला. दांडा झटक्यात बाहेर आला पाहिजे आणि बाहेर राहिला पाहिजे. झटक्यात येऊन लगेच परत जाऊन पुन्हा फडफडत असेल तर धरून ठेवणारी वेटोळी गेली. सहा नंबर आणि आवरण यांच्यात दांडा आत असताना जोड नसावा, बाहेर असताना असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल आणि सकाळी सोलेनॉइड कोमट लागला तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत.

आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्या ६ चं १२ व्होल्ट करून घेतलेल्या असतात. गव्हर्नर आणि किकडाउन स्विच तेच चालतात. सोलेनॉइड आणि रिले मात्र १२ व्होल्टचेच हवेत.

केबल

दोन्ही ‘टक्’ येतात, गव्हर्नर ठीक, तरी रस्त्यावर लागत नाही, किंवा फ्रीव्हीलच होत नाही? ओव्हरड्राइव्हच्या बाजूच्या लिव्हरवरून केबल सोडा. लिव्हर हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज फिरला पाहिजे. फिरत असेल तर दोष केबलचा. लिव्हर ओव्हरड्राइव्हच्या बाजूच्या टोकाला पूर्ण टेकवा आणि केबल अशी आवळा की डॅशबोर्डवर हँडल आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये सुमारे ६ मिलिमीटर फट उरेल. ही फट मुद्दाम ठेवायची. हँडल आधी टेकलं तर लिव्हर अर्धवट राहतो, आणि अर्धवट लिव्हर हा कितीतरी ‘खराब’ गिअरबॉक्सचा खरा आजार असतो.

रिव्हर्समध्ये आतली रेल आपोआप लॉक होते. हँडल आत असताना रिव्हर्समध्ये इंजिन नुसतं घोंगावतं आणि हँडल ओढल्यावर गाडी मागे जाते, तर ते लॉक नीट होत नाही.

रिव्हर्सला गाडी खिळली तर

इथे जोर लावू नका. पॉल सन गिअरमध्ये अडकलेला आणि वर रिव्हर्सचं लॉक, म्हणजे सगळी चाकं एकमेकांत जखडली. क्लच सोडून रेटलं तर आत काहीतरी फुटेल. इग्निशन बंद करा. तरी अडकलेलीच असेल तर सोलेनॉइडची चार नंबर वायर काढा, गाडी हाताने किंचित पुढे ढकला. सुटली तर करंट कुठून येत होता ते शोधा, बहुधा रिले. नाही सुटली तर सोलेनॉइड काढून जाड तारेच्या आकड्याने पॉल बाहेर ओढा.

आणि आता गिअरबॉक्स

हे सगळं ठीक निघालं तरच आत बघायचं. हँडल आत असताना ओढ घसरते (इंजिन घोंगावतं, गाडी ओढत नाही), बाहेर ओढल्यावर घट्ट चालते: फ्रीव्हीलचे रोलर किंवा त्यांची जागा झिजली. दोन्हीकडे घसरते: तो इंजिनचा क्लच. पाय उचलल्यावर करकर असा दात घासल्याचा आवाज येतो, किंवा पाय न उचलताच दाणकन लागतो: बॉल्क रिंग सैल झाली.

तेल आधी तपासा. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हला वेगवेगळे भरायचे आणि काढायचे प्लग असतात, आणि एकच काढून तेल बदललं असं समजणारे पुष्कळ. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं साधं मिनरल गिअर ऑइल घाला. जीएल-५ दर्जाचं तेल टाळा, त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगना (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांना) चांगली नाहीत.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी सपाट रस्त्यावरच घ्या. बोर घाट किंवा खंबाटकी उतरायची असेल तर उतार लागण्याआधी गाडी थांबवून हँडल बाहेर ओढा. ओव्हरड्राइव्हमध्ये उतरताना वेग पंचवीस मैलांच्या खाली आला की गव्हर्नर सोडतो, फ्रीव्हील मोकळं होतं आणि इंजिनचा ब्रेक अचानक नाहीसा होतो. मग सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर. घरी आल्यावर गाडी थंड होऊ द्या, दोन्ही प्लग उघडून तेलाची पातळी पुन्हा बघा आणि सोलेनॉइडच्या बुडाशी ओल आहे का, बोट फिरवून पाहा.